केमेन्यवारचा मासा

शॉमबर्ग, इलिनॉय
२९ ऑक्टोबर १९८६

चि. नंदा,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. पण तू पोटुशी आहेस, तेव्हा ते पोटातल्याला. तुला काय द्यायचं ते पत्र संपेपर्यंत ठरवते.

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, दोन ओळी! "आई, तिथे दगड होता. हे तू मुद्दाम केलंस." वर काही नाही, खाली सही नाही. सोबत एक फोटो. सत्तावीस वर्षांची घोडी झालीस, पण आईला एवढंसं विचारावंसं वाटलं नाही की अगं, असं कसं झालं? डायरेक्ट निकालच.

फोटो बघितला. क्लीव्हलंडचा तो हंगेरियन हॉल, स्टेजवर काळ्या सुटात तुझे सासरे इम्रे, आणि त्यांच्या मागे मी आठ महिने डोळे फोडून भरलेला झेंडा. वर निळा, खाली पांढरा, मधे ढाल. ढालीत तीन हिरव्या टेकड्या, मधल्या टेकडीवर एका पायावर उभा पांढरा पक्षी, दुसऱ्या पायात मासा. काम बाकी सुबक उतरलंय हो, मीच म्हणते, कारण दुसरं कोणी म्हणणार नाही.

आता मला सांग, त्या केमेन्यवारचा झेंडा मी बापजन्मात बघितला होता का? ते गाव तरी बघितलं होतं? तुझ्या बाबांनी लायब्ररीतला भलामोठा ॲटलास आणून हंगेरीवर भिंग फिरवलं तरी ते सापडेना. तूच म्हणालीस, तिथल्या सरकारनं जुनं चिन्ह कधीच मोडीत काढलं, त्याजागी तारा आणि गव्हाच्या ओंब्या आणल्या. राहिलं काय, तर तुझ्या सासऱ्यांच्या पाकिटात एक काळा-पांढरा फोटो. त्यात बंबवाल्यांची मिरवणूक आणि कोपऱ्यात टिकलीएवढा झेंडा. त्यावरून तू चित्र काढून पाठवलंस. पक्ष्याच्या पंजात एक लांबट गोळा. आपल्याकडे बगळा एका पायावर उभा राहतो तो कशाला? मासा टिपायला. शेंबडं पोर सांगेल. मी मासा भरला. चूक झाली असेल. मुद्दाम कुठून आलं?

आणि तो मासा कशाचा आहे ते विचार की. माझ्या शालूची जर आहे ती. लग्नातल्या शालूचा पदर उसवला, एकेक तार सोडवली आणि त्या तारेनं खवले भरले. कोणाशी वाकडं धरणारी बाई आपला शालू उसवते का गं?

वरून पातळ मलमल टाचून पाठवला आणि "कार्यक्रमाच्या दिवशीच उघडा" असं लिहिलं, त्याचाही तू आता अर्थ काढला असशील. नव्या भरकामाला आधी दहा जणांनी हात लावू नये, एवढंच त्यात होतं. माझी आईही रुखवताचं भरलेलं असंच झाकून ठेवायची.

कार्यक्रमाला मी आले नाही कारण मला ताप होता. एकशे एक. बाबा कंपनीच्या कामाला डॅलसला होते, नाहीतर त्यांनी सांगितलं असतं.

डॉक्टरनं मार्चची पंधरा तारीख दिली आहे ना? पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यात तुझ्या-माझ्या भांडणाचा काही संबंध नाही. फेब्रुवारीत कधी येतेस ते कळव. मागची खोली रिकामी करते आहे.

तुला आशीर्वाद नाहीच देत आज. बघू पुढच्या पत्रात.

आई


शॉमबर्ग
१७ नोव्हेंबर १९८६

चि. नंदा,

उत्तर नाही. ठीक आहे. मूग गिळून बसायचं असेल तर बस.

दिवाळी झाली. मंडळाच्या कार्यक्रमात कांचनकाकूनं भर बायकांत विचारलं, "काय पद्मिनी, नंदाच्या सासरचा तो झेंडा झाला का गं? कसा वाटला त्यांना?" मी म्हटलं, "अगदी डोक्यावर घेतला." काय करणार? तिचा विक्रम शेजारीच उभा, रेसिडेन्सी संपवून आलेला, वाकून नमस्कार करणारा. त्याच्यासाठी तुला विचारलं होतं तेव्हा तू नाक मुरडलंस. जाऊ दे. तो विषय मी सोडला आहे.

तू जुनं उकरून काढते आहेस, कळतं मला. गाबोरला मी बगळा म्हणाले होते. म्हणाले होते, नाही म्हणत नाही. पहिल्यांदा घरी आणलंस त्याला तेव्हा. उंच, पांढराफटक, लांबलांब तंगड्या, तोंडातून शब्द नाही. मी स्वयंपाकघरात तुला म्हटलं, "हा बगळा एका पायावर उभा आहे नुसता, मासा टिपून उडून जाईल, बघत राहशील." तू हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर गेलीस. करपली ती. आईनं रागाच्या भरात म्हटलेलं मुली विसरतात. तू ते जपून ठेवलंस आणि आता माझ्या कामावर आणून चिकटवलंस.

लग्नाला आले नाही तेही तू धरून बसली असशील. माझी कंबर धरली होती. चर्चमध्ये तासभर बसवलं नसतं. बाबा आले होते ना? मग? अर्धं माहेर तर होतं.

आता फोनचं. तुझ्या सासऱ्यांचा जुलैत मला फोन आला होता, हे तू नक्कीच धरलं असणार, की त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं. बाई गं, त्यांचं इंग्रजी म्हणजे प्रत्येक शब्दाला पहिल्या अक्षरावर हातोडा. आणि माझं तुला ठाऊकच आहे. मी नुसतं "येस, येस" करत राहिले. काय बोलले ते बोलले, मला एक अक्षर कळलं नाही. दगड म्हणाले असतील तर म्हणाले असतील.

तुला डोहाळे कसले लागलेत? माझ्या वेळी मला कच्च्या कैरीचे होते आणि तुझ्या आजीनं गावभर फिरून मिळवली होती. इथं डबीतलं लोणचं मिळतं, ते मी इंडियन स्टोअरमधून आणून ठेवलंय. पाठवू का? एवढं तरी हो-नाही कळव.

आई


शॉमबर्ग
२२ डिसेंबर १९८६

चि. नंदा,

तिसरं पत्र. मी हात टेकले.

हे बघ, भांडण नको. एक सुचलं आहे. झेंडा मला परत पाठव. मासा उसवते आणि त्याजागी दगड भरते. करड्या रेशमाच्या तीन छटा आणून ठेवल्या आहेत, भरीव टाक्यानं इतका हुबेहूब दगड होईल की उचलून फेकावासा वाटेल. खाली कापड जरा विरळ पडेल, पण आतून अस्तर लावलं की कोणाच्या बापाला कळणार नाही. तुझ्या सासऱ्यांना सांग, आईला समजलं नव्हतं, समजल्याबरोबर दुरुस्त करायला तयार झाली. संपलं.

बाबांनी तुला ऑफिसातून दोनदा फोन केला म्हणे. मला न सांगता. तू काय बोललीस ते सांगत नाहीत. घरी येतात, जेवतात, ताट उचलतात. काल मात्र जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "पद्मिनी, जुलैत तू त्या माणसाशी चाळीस मिनिटं बोलत होतीस. मी समोर पेपर वाचत बसलो होतो. फोन ठेवल्यावर तू डोळे पुसलेस. एक अक्षर न कळता बाई रडते का?" मी म्हटलं, कांदा चिरत होते. तर म्हणाले, "हॉलमध्ये?"

बाबांना हल्ली संशयच फार. रिटायर व्हायच्या आधी माणसं अशी होतात.

सातवा लागेल तुला. डोहाळजेवण करायला हवं. मी येऊ शकते. सहा-सात तासांचा रस्ता आहे, बाबा ड्राइव्ह करतील. कंबर आता बरी आहे. हिरवी साडी आणून ठेवली आहे, पदराला बारीक मोराची वेल. तुमच्या लोकांत काय करतात कोण जाणे, पण ओटी भरायला कोणाची हरकत नसावी. हॉटेलात राहू. तुमच्या घरी यायचा आग्रह नाही माझा.

नुसता एक फोन कर गं. "ये" एवढंच म्हण. किंवा "येऊ नको" म्हण. पण म्हण काहीतरी.

आई


शॉमबर्ग
१९ जानेवारी १९८७

नंदा,

तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं. इलोनाचं. चार पानं, निळ्या शाईत, पाठीमागे ठसे उठलेत इतकं दाबून लिहिलेलं. तुला न सांगता लिहिलंय, तेव्हा तिला बोलू नको. तिच्या मोडक्या इंग्रजीचं मराठी करून लिहिते, म्हणजे मला काय कळलं ते तुला कळेल.

ती लिहिते, "प्रिय पद्मिनी, तुम्ही मनाला लावून घेतलं असेल म्हणून लिहिते. तुमचं काम बघून आमच्या गावच्या बायका रडल्या, त्या पक्ष्याचं एकेक पीस जिवंत आहे. माशाची चूक तुमची नाही. नंदानं आम्हाला त्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगितलं की चित्र तिनं चुकीचं काढलं. फोटोत नीट दिसत नव्हतं, तिनं अंदाजानं मासा काढला आणि कोणाला विचारलं नाही. इम्रे म्हणाला, मी स्वतः नंदाच्या आईला फोनवर दगडाचं सांगितलं होतं. तर नंदा म्हणाली, माझ्या आईला फोनवरचं इंग्रजी समजत नाही, ती चित्राबरहुकूम चालली."

मी हे तीनदा वाचलं. 

पुढं लिहिते, "हॉलमध्ये कोणीतरी मोठ्यानं हसलं. मग बरेच जण हसले. तुम्हाला ठाऊक नसेल, आमच्या शेजारचं एक गाव होतं, ते लोक आम्हाला चिडवायचे की केमेन्यवारचा पक्षी राखण करत नाही, चोरून मासे खातो. तोच मासा नेमका झेंड्यावर. इम्रे स्टेजवर होता. तो खाली उतरला तो सरळ बाहेर गाडीत जाऊन बसला. तेव्हापासून तो नंदाशी बोलत नाही. आम्ही एकाच घरात, ती दोघं वरती, आम्ही खाली. रोज संध्याकाळी सगळे एका टेबलावर जेवायचो. आता नंदा खाली आली की इम्रे उठतो. ती पुन्हा वर जाते. गाबोर बापाशी भांडला. मी दोघांमध्ये उभी राहते. इम्रे म्हणतो, दीड वर्ष माझ्या घरात आहे, मला अपू म्हणते, आणि एक प्रश्न विचारला नाही? माझ्या गावाची तिला एवढीच किंमत?"

आणि शेवटी, "मार्चमध्ये तुम्ही या. नंदा डॉक्टर बदलायला तयार नाही, बाळंतपण इथेच होईल. तुमच्यासाठी खालची खोली इम्रेनं स्वतः रंगवली आहे. तुमच्यावर त्याचा राग नाही. उलट तुम्हाला फोनवरचं समजलं नाही ह्याचं त्याला बरंच वाटतं. तो म्हणतो, त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो होतो, त्या बाईंना कळलं नाही ते देवानंच केलं."

नंदा, तू हे का केलंस?

तीन महिने मी तुला लिहिते आहे की मला इंग्रजी कळलं नाही, चित्र असंच होतं, ताप होता, कंबर होती. आणि त्याच्या आधीच तू भर हॉलमध्ये उभी राहून माझ्यासाठी तेच खोटं बोलून बसली होतीस. माझी पत्रं वाचून काय वाटलं असेल तुला? हसलीस का? मला वाटत नाही हसलीस.

आणि वर म्हणे माझ्या आईला इंग्रजी समजत नाही. अठरा वर्षं इथं काढली मी. दहा वर्षं शाळेच्या ऑफिसात फोन उचलते. पोलिश, मेक्सिकन, आयरिश, सगळ्यांची इंग्रजी मला कळते. तुला माहीत आहे ते. तुझ्या नवऱ्याला माहीत आहे. तरी म्हणालीस.

पोटात पोर घेऊन तू जिना उतरतेस आणि ताट न वाढताच वर जातेस. आणि मी इथं तुला कैरीचं लोणचं विचारते आहे. कपाळ माझं.

आज पुढं लिहवत नाही.

आई


शॉमबर्ग
८ फेब्रुवारी १९८७

नंदा,

हे शेवटचं, ह्या विषयावरचं. तुला सगळं ठाऊक आहे तरी माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडे असू दे.

तुझ्या चित्रात दगडच होता. लांबट नव्हता, गोल होता.

आणि मला सगळं कळलं होतं. जुलैत इम्रेंनी चाळीस मिनिटं जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द. हा करकोचा आहे, बगळा नव्हे, असं ते सुरुवातीलाच म्हणाले. थवा झोपतो तेव्हा एक जण राखणीला उभा राहतो आणि पायात दगड धरतो. डोळा लागला की दगड खाली पडतो आणि तो जागा होतो. जुन्या काळी त्यांच्या गावच्या नदीवरच्या पुलावर एक माणूस कायम पहाऱ्याला असायचा, म्हणून हे चिन्ह. मग म्हणाले, छप्पन सालच्या रशियनांविरुद्धच्या उठावात त्या पुलावर ते स्वतः पहाऱ्याला होते. आणखी दोघांना तिथं थांबायला सांगून, इलोनाला आणतो म्हणून निघाले, आणि तिला घेऊन सरहद्दीकडे गेले ते परत फिरलेच नाहीत. त्या दोघांचं काय झालं ते कधी कळलं नाही. म्हणाले, "माझ्या पायातला दगड मी टाकला, मॅडम. निदान झेंड्यावरच्या पक्ष्याच्या पायात तो असू दे. तुम्ही भराल तेव्हा तो नीट, जड दिसेल असा भरा."

हे त्यांनी गाबोरलाही सांगितलेलं नाही, असं म्हणाले. मला का सांगितलं कोण जाणे. लांबची बाई, परका आवाज, म्हणून असेल. मी रडले हे बाबा म्हणतात ते खरं आहे.

आणि रडून झाल्यावर मासा भरला.

का, ते लिहिते. तुझ्या चित्रासोबत तुझी चिठ्ठी होती. त्यात तू लिहिलं होतंस, "आई, हा आमच्या गावाचा झेंडा." आमच्या! तू जन्मलीस मिरजेला. नवव्या वर्षापर्यंत तिथं वाढलीस. तुला इथं आणल्यापासून मिरजेचं नाव काढलं की तू म्हणायचीस, "आई, तुमचं मिरज पुरे ना." तुमचं मिरज आणि आमचं केमेन्यवार. नकाशात न सापडणारं, तू डोळ्यांनी न बघितलेलं. आणि तिथल्या एका माणसाला अपू म्हणायला लागलीस. अपू म्हणजे बाबा ना? मी इलोनाला एकदा विचारून घेतलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ते कोणाला म्हणू शकत नव्हते, कारण लग्नाला न जाणाऱ्या बाईला तक्रार करायचा हक्क उरत नाही. कंबर धडधाकट होती माझी. तापही नव्हता.

सुईला तोंड नसतं, तिच्याकडून बोलून घेतलं. हा बगळाच आहे, तुम्ही कितीही करकोचा म्हणा, आणि माझी पोर टिपून नेली आहे ह्यानं, असं. शालूची जर द्यायची म्हणून नाही उसवली. साधं रेशीम मागच्या रांगेतून दिसलं नसतं म्हणून उसवली. मलमल टाचली ती कोणी आधी बघून थांबवू नये म्हणून. दुसऱ्या गावाच्या त्या चिडवण्याचं मात्र मला माहीत नव्हतं. आईशपथ नव्हतं माहीत. पण माहीत असतं तर थांबले असते का, हे मला सांगता येत नाही.

मला वाटलं होतं, तो घाव त्यांच्यावर बसेल. गाबोरवर बसेल. तू मधे येऊन उभी राहशील हे डोक्यात आलं नाही. मुलगी आईची बाजू घेईल, हे मीच विसरले होते बघ.

इलोनाचं पत्र आल्यापासून तीन आठवडे घालवले. खोटं सांगणार नाही, मार्चचा विचार करत होते. गप्प बसले तर खालची रंगवलेली खोली आहे. बाळाला पहिली अंघोळ मी घातली असती. टाळू भरली असती, तुला शेक दिला असता, डिंकाचे लाडू केले असते. इम्रे माझ्याशी हसून बोलले असते आणि तू शेजारून ताट न वाढता वर गेली असतीस. आणि तू तरीही काही बोलली नसतीस. एवढं मला आता कळलंय तुझ्याबद्दल. तीन आठवडे मी ते दोन्ही तोलत बसले होते, म्हणजे बघ कसली आई आहे ती.

बाबांना काल सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मला नको सांगूस, त्यांना सांग."

म्हणून आज संध्याकाळी फोन लावला. रविवार, म्हणजे तुम्ही सगळे घरी असणार. इम्रेंनीच उचलला. मी म्हटलं, "मी पद्मिनी बोलते. नंदाच्या चित्रात दगड होता. मासा मी भरला. मला तुमचं इंग्रजी सगळं समजलं होतं." घोकून ठेवलं होतं, एका दमात म्हणून टाकलं.

मग त्यांनी विचारलं, "सगळं?"

मी म्हटलं, "सगळं. पुलाचंसुद्धा."

"का?"

"तुम्ही माझी मुलगी घेतलीत म्हणून."

ते म्हणाले, "मी घेतली नाही. ती आली." मग म्हणाले, "मार्चमध्ये तुम्ही माझ्या घरी येऊ नका."

मी म्हटलं, "नाही येणार." तेव्हा मी येत नाही, नंदा. बाळंतविडा बाबांबरोबर पाठवते. डिंकाचे लाडूही देते, रोज सकाळी एक खा, बाळ अंगावर पीत असेपर्यंत. टाळूवर तेल कोमट करून घाल, कडकडीत नको. इलोनाला दाखवून ठेव कसं ते.

त्यांनी फोन ठेवला नाही. नुसता टेबलावर टाकला असावा, कारण मला खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं आणि त्यांच्या पायांचा आवाज. मग हाक, जिन्याखालून असावी, "नंदा! नंदा!" मग दार, मग तू एकेक पायरी उतरत आलीस. सावकाश. जड झाली असशील. तू म्हणालीस, "अपू?" तीन महिन्यांनी ऐकला मी तुझा आवाज.

ते हंगेरियनमध्ये बोलायला लागले. तुला ती भाषा एवढी कळते हे मला ठाऊक नव्हतं. ह्या वेळी मला खरंच एक अक्षर कळलं नाही. ते थांबले, आणि तू रडायला लागलीस, लहानपणी रडायचीस तशी, मोठ्यानं, श्वास अडकवून. आणि तो माणूस तुला एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होता, अगदी हळू आवाजात. मी कान लावून बसले होते. मला काही म्हणायचं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी तिथं ऐकणारं कोणी नव्हतं. तू थांबलीस तेव्हा मागे ताटं मांडल्याचा आवाज आला. मग कोणीतरी रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला. तू ठेवला असशील तर बरं केलंस.

आई